देवचार वस्तीला

"तुमगेर दवर गो बाय, तुमगेर चलता."

शेजारच्या आंटीचं हे एवढंसं वाक्य गेलं वर्षभर माझ्या डोक्यात अडकलंय. दातात माशाचा बारीक काटा अडकतो ना तसं, दुखत काही नाही पण जीभ सारखी तिथेच जाते. बोलताना तिच्या मनात काही वाईट नव्हतं हे मी शपथेवर सांगते, चाळीस वर्षांचा शेजार आहे, आमच्या चवथीच्या नेवऱ्या तिच्याकडे आणि तिच्या नाताळातली दोदोल आमच्याकडे असं आयुष्य गेलंय, लहानपणी मला ताप आला की मीठ-मिरची-फटकी, म्हणजे तुरटी, घेऊन दिश्ट काढायला तीच यायची, ओठातल्या ओठात तिच्या प्रार्थना पुटपुटत, आणि आई बाजूला हात जोडून उभी. तरी ते वाक्य राहिलंच. तुमच्याकडे ठेव. तुमच्याकडे चालतं.

काय ठेवायचं होतं? तर सैतान.

झालं असं की आमच्या वाड्यावरचं कपेल, म्हणजे छोटं चर्च, सांव मिगेलचं, म्हणजे संत मायकलचं. त्याचं फेस्त, म्हणजे सण, २९ सप्टेंबरला. त्याआधी मूर्तीला रंग द्यायचा ठरलं आणि मेस्तने, म्हणजे सुताराने, मूर्ती उचलली तर बुडाची फळी हातात भुशासारखी आली, वाळवी. हात-दीड हात उंचीची जुनी लाकडी मूर्ती आहे, वर सांव मिगेल, पंख पसरलेले, हातात तलवार, आणि त्याच्या पायाखाली तो. फळी नवी करायची म्हणजे दोघांना वेगळं करणं आलं, ते मेस्तने केलं, पण कपेलाच्या छपराचे नळे उतरवलेले आणि पाऊस तर काही जायचं नाव घेत नव्हता, मूर्ती तिथे रात्रभर ठेवणार कशी? सांव मिगेल आंटीच्या घरी गेला. तिने हॉलमधल्या टेबलावर क्रोशाचा रुमाल घातला, मेणबत्ती लावली, बागेतली दोन जास्वंदं वाहिली. राहिला खालचा. त्याला घरात घ्यायला ती काही केल्या तयार होईना. मेस्त बिचारा जुन्या पेपरात गुंडाळलेलं ते पोर काखेत धरून दोन घरांच्या मधोमध भिजत उभा, आणि मग आंटीने आमच्या फाटकातून आत डोकावून मला ते वाक्य सांगितलं.

मी हसत हसत घेतला. खरंच, हसले. सोप्यावरच्या बाकड्यावर ठेवला आणि पेपर सोडला. अंगाला मूळचा काळा रंग असणार, आता धुराडी झालेला. वटवाघळासारखे पंख, एक शिंग मोडलेलं, शेपूट स्वतःच्याच पायाला गुंडाळलेली, आणि तोंड उघडं. इतकी वर्षं मी त्याला पाहत आले होते पण कायम दुसऱ्याच्या पायाखाली. एकटा असा पहिल्यांदाच. वरचा पाय निघाल्यावर त्याच्या पाठीवर पावलाच्या आकाराचा एक फिकट डाग उरला होता, तिथलं लाकूड अगदी नवं कोरं, धूळ नाही की धूर नाही. आणि तोंड मी इतके दिवस रागाने उघडलेलं समजत होते, ते जवळून बघितलं तर ओझं उचलताना माणूस करतो ना, तसं होतं.

आतून आईने विचारलं, कोण आलं गो? आई ब्याऐंशीची, कान जरा कमी. मी ओरडून म्हटलं, देवचार! गंमत म्हणून. तर बाई भिंत धरत धरत बाहेर आली, चष्मा वर केला आणि मलाच रागे भरली, "भायर कित्याक दवरला? भितर हाड." बाहेर कशाला ठेवला, आत आण.

आता गोव्याबाहेरच्या लोकांना इथली गोम सांगायला हवी. देवचार हा शब्द आंटीच्या घरात आणि आमच्या घरात एकच आहे, उच्चारही तोच, पण माणूस वेगळा. आंटीच्या प्रार्थनेत देवचार म्हणजे सैतान, देवाचा वैरी, नरकातला. आमच्याकडे देवचार म्हणजे गावाच्या सीमेचा राखणदार. अंगावर कांबळ, हातात दांडा, रात्री शिवेवरून फेरी मारणारा. त्याला रोट द्यायचा, केळी द्यायची, विडी द्यायची, कुठे कुठे सोरो, म्हणजे दारू सुद्धा, आणि काही गावांत वर्षाला चामड्याच्या वहाणा, कारण चालून चालून जुन्या झिजतात. वेताळालाही अशाच वहाणा देतात. म्हणजे बघा, देवळातला देव बसलेला असतो, याला मात्र ड्युटी आहे. भीती त्याचीही वाटतेच, नाही असं नाही, पण ती पोलिसाची वाटते तशी, चोराची वाटते तशी नाही. वाट चुकलेल्याला घरी पोचवतो आणि सीमेवर घाण केली तर चार दिवस ताप आणतो, असा त्याचा हिशोब.

आमचे आजोबा सांगायचे, तरुणपणी एकदा डिचोलीहून नाटक बघून परतताना खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधावर काळोखात सापडले. भरतीची वेळ, एका बाजूला शेत, एका बाजूला खाडी, पायाखाली चिखल. तेव्हा पुढे एक माणूस चालताना दिसला, हातात चूड पेटलेली, खांद्यावर कांबळ. आजोबा मुकाट मागून चालत राहिले, बोलायचं नाही हे माहीत होतं. मानशीपाशी, म्हणजे खाजनात पाणी घ्यायची-सोडायची ती फळ्यांची दारं असतात तिथे, तो माणूस नाही, चूड नाही, काही नाही. पण तिथून आमचं घर दिसायचं. दुसऱ्या दिवशी आजोबांनी मानशीपाशी रोट आणि विड्यांचं कट्टं नेऊन ठेवलं आणि पुढे जन्मभर दर वर्षी ठेवलं.

आंटीकडेही हीच गोष्ट आहे, तोच बांध, तीच मानस. तिच्या पायने, म्हणजे वडिलांनी, तिथे एकदा चूड घेतलेला माणूस पाहिला, घाबरून धावत सुटले, घरी येऊन तापाने फणफणले आणि पहाटे पाद्रीला बोलावून पाणी शिंपडून घ्यावं लागलं. लहानपणी ही गोष्ट तिच्या तोंडून ऐकताना मी आणि तिची मुलगी एकमेकींना चिकटून बसायचो, आणि घरी येऊन आजोबांकडून दुसरी ऐकली की मला उलट सुरक्षित वाटायचं. एकाच माणसाला मी संध्याकाळी घाबरायचे आणि रात्री त्याच्याच भरवशावर झोपायचे. पोरवयात याचं काहीच वाटलं नाही, पोरांना दोन्ही खरं वाटू शकतं.

त्या रात्री आईने मला नळाखाली हात धुवायला लावले, तांदळाच्या पिठाचा छोटा रोट भाजला, एक केळं घेतलं, आणि शेजारच्या गड्याकडून एक विडी मागून आणवली. मी म्हटलं, आई, हा तो नव्हे. हा त्यांचा. ती म्हणाली, नाव देवचारच ना? मग? यावर काय बोलणार. एमएला मराठी घेऊन शिकलेली मी, शब्दार्थाचा वाद आईपुढे हरले. तिने काडी ओढली, विडी पेटवून त्याच्या उघड्या तोंडापुढे बाकड्याच्या कडेला ठेवली, आणि हात जोडून झोपायला गेली. मी मात्र जागीच. सोप्यावर सैतान विडी ओढत बसलाय आणि आपण आत पांघरूण घेऊन झोपायचं, कसं जमणार? पावसाच्या ओल्या वासात तो विडीचा वास, बाहेर बेडकं. मोबाइल काढला आणि वाचत सुटले.

वाचता वाचता वाटलं की याचा जन्मच मुळी शब्दांच्या घोटाळ्यातून झालाय. जुन्या करारात ईयोबच्या पुस्तकात सैतान हे विशेषनाम पण नाही, हिब्रूत ते 'तो सैतान' असं येतं, अर्थ फिर्यादी, आरोप करणारा. देवाच्या दरबारात इतरांबरोबर हजर राहतो, देव त्याला विचारतो कुठून आलास, तो म्हणतो पृथ्वीवर इकडेतिकडे फिरत होतो. अरे, हा तर आमचा फेरीवाला! ईडन बागेतला साप आहे ना, तो सैतान आहे असं उत्पत्तीच्या पुस्तकात कुठेच म्हटलेलं नाही, ती गाठ फार पुढे मारली गेली, नव्या कराराच्या अगदी शेवटी प्रकटीकरणात, जिथे मिखाएल आणि त्याचे दूत त्या अजगराशी लढतात आणि त्याला खाली टाकतात. आपल्या कपेलातली मूर्ती तिथली. ताळगावच्या चर्चमधला, हणजूणच्या चर्चमधला सांव मिगेल तिथलाच.

आणि लुसिफर! यशया संदेष्ट्याने बॅबिलोनच्या राजाला हिणवलंय, अरे पहाटेच्या ताऱ्या, तू आकाशातून कसा पडलास, असं. राजाला. चौथ्या शतकाच्या शेवटी जेरोमने लॅटिन भाषांतर केलं तेव्हा पहाटेच्या ताऱ्याला लॅटिनमध्ये जो साधा शब्द होता तो घातला, लुसिफर, उजेड आणणारा. पुढे लोकांना तो पडलेल्या देवदूताचं नाव वाटू लागला. म्हणजे लुसिफर म्हणजे आपली शुक्राची चांदणी. हे वाचलं आणि मी अंथरुणात उठून बसले, कारण शुक्र म्हणजे आपल्याकडे शुक्राचार्य, आणि शुक्राचार्य कोणाचे गुरू? असुरांचे! आता यात काही संबंध आहे असं मी म्हणत नाही, असल्या जुळण्या काढून पुस्तकं लिहिणारे लोक वेगळे असतात, पण रात्री दीड वाजता असं काहीतरी सापडलं की अंगावर काटा येतोच. त्यात भर म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमध्ये जे लॅटिन स्तोत्र म्हणतात त्यात कधीही न मावळणारा लुसिफर येतो आणि तो ख्रिस्त. प्रकटीकरणात येशू स्वतःलाच पहाटेचा तेजस्वी तारा म्हणतो. तारा एकच, एकदा देवाचा, एकदा त्याच्या वैऱ्याचा. डच भाषेत तर आजही लुसिफर म्हणजे काडेपेटीतली काडी. पोर्तुगीजमध्ये काडीला फॉस्फोरु म्हणतात, तोही ग्रीकमधला त्याच ताऱ्याचाच शब्द, उजेड आणणारा. आईने मघाशी विडी कशाने पेटवली?

बरं, तो पडला का, यावरही एकमत नाहीच. गर्वाने पडला हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं. पण हनोखचं एक जुनं पुस्तक आहे, इथिओपियाच्या चर्चने ते बायबलमध्ये ठेवलंय, बाकीच्यांनी नाही, त्यात दोनशे देवदूत हेर्मोन पर्वतावर उतरतात ते पृथ्वीवरच्या बायकांवर भाळून, आणि येताना माणसांना विद्या शिकवतात. त्यातला अजाजेल काय शिकवतो? तलवारी घडवणं, दागिने करणं, आणि डोळ्यांत काजळ घालणं. काजळ! माझ्या आजीने मला पाचवीला घातलेलं काजळ, नजर लागू नये म्हणून, ते म्हणे पडलेल्या देवदूताची देणगी. आणि कुराणातला इब्लीस तर आणखी वेगळा, अल्लाहने आदमला मातीतून घडवलं आणि सगळ्यांना म्हटलं याच्यापुढे वाका, सगळे वाकले, इब्लीस म्हणाला मला आगीतून केलंस, याला मातीतून, मी का वाकू. हज यात्रेत मिनाला खडे मारतात ते त्याच्यासाठीच. पण दहाव्या शतकात बगदादला ज्याला मृत्युदंड दिला त्या हल्लाज नावाच्या सूफीने इब्लीसची बाजू मांडून ठेवलीय, की तो वाकला नाही तो प्रेमामुळे, देवाशिवाय दुसऱ्या कोणापुढे मान झुकवणं त्याला जमलं नाही. मला हे वाचून एकदम जय-विजय आठवले. आपल्या देवळात गाभाऱ्याच्या दाराशी गदा घेऊन उभे असतात ते दोघे. सनकादिकांना अडवलं म्हणून शाप मिळाला, आणि विष्णूने विचारलं सात जन्म भक्त होऊन राहता की तीन जन्म वैरी, तर म्हणाले वैरी, लवकर परत येता येईल. म्हणून हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू झाले, रावण-कुंभकर्ण झाले, शिशुपाल-दंतवक्र झाले. ड्युटी करत होते हो. दारावरचा माणूस आत सोडत नाही म्हणून चिडणारे ऋषी आजही असतात.

खरं सांगायचं तर आम्हा गोवेकरांचा राक्षसांकडे ओढा जरा जास्तच आहे. दिवाळीच्या आदल्या रात्री इथे येऊन बघा. महिनाभर पोरं वर्गणी काढून नरकासुर बांधत असतात, आत सुकं तण, वरून कागद, म्हापशाच्या बाजारातून आणलेला नाहीतर रात्र रात्र जागून रंगवलेला मुखवटा, हल्ली तर मोटर लावून डोळे फिरवतात, हात हलवतात, आणि स्पीकर असा की खिडकीची काच थरथरते. कृष्ण? कृष्ण असतो कुठेतरी कोपऱ्यात, पुठ्ठ्याचा, वीतभर, कधी कधी पहाटे जाळायच्या वेळी आठवण होते की अरे कृष्ण राहिला, मग कोणीतरी पळत जाऊन आणतो. माझा भाचा गेल्या वर्षी टेंपोच्या हौद्यात नरकासुराचं डोकं मांडीवर घेऊन बसून आला, पाऊस लागू नये म्हणून स्वतःचा रेनकोट त्याला घातला होता आणि स्वतः चिंब. पहाटे जाळला तेव्हा पोरगं जरा बाजूला जाऊन उभं राहिलं. मी काही बोलले नाही. घरी येऊन कारीट फोडलं, पाच तऱ्हेचे फोव खाल्ले, झोपला. नरकासुराची आई कोण, तर भूदेवी, ही माती. आपल्याच मातीचा पोरगा जाळून आपण दिवाळी करतो आणि म्हणून कदाचित त्याला इतक्या मायेने बांधतो, काय माहीत.

आणि दशावतारी काल्यातला संकासुर. मध्यरात्र उलटलेली, देवळापुढच्या मांडवात आजोबांच्या मांडीवर अर्धी झोपलेली मी, आणि तो येतो, काळे कपडे, काळा मुखवटा, लोंबती लाल जीभ. मी किंचाळायचे. पण मोठेपणी लक्षात आली ती गोष्ट वेगळीच. देव सगळे बोलतात पुस्तकी मराठी, "हे नारदमुने, आपले आगमन कशासाठी" वगैरे, आणि संकासुर बोलतो मालवणी. घरातली भाषा. हसतो, शिव्या देतो, समोर बसलेल्या गावकऱ्याची टर उडवतो. वेद चोरतो खरा, पण काय बोलतोय ते शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला कळतं. मी स्वतः घरात कोंकणी बोलते आणि लिहायला बसले की मराठी, आत्ताही बघा ना. तर हा देवांचा आणि असुराचा भाषाभेद मला जरा टोचतोच.

मराठीचं निघालंच आहे तर, या मातीत लुसिफरची गोष्ट पहिल्यांदा ऐटीत सांगितली गेली ती मराठीतच. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेला इंग्रज जेजुइत पाद्री थॉमस स्टीफन्स, त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापलं, ओव्यांमध्ये. नव्याने बाटलेल्या लोकांची जुनी पुराणं काढून घेतलेली, कानाला ओवीची सवय, तर त्यांना त्याच चालीत दुसरं पुराण दिलं. आम्हाला ते शिकवताना भाषेचं वैभव, ते रत्न आणि हिरा, तेवढंच शिकवलं. पण त्यात सुरुवातीलाच देवदूतांची निर्मिती आहे, लुसिफरचा गर्व आहे, पतन आहे, आणि सैतानांसाठी शब्द येतो तो देवचार. मी त्या रात्री कपाटातून जुनी प्रत काढून परत वाचली. ओवी गोड आहे, खोटं कशाला बोलू, जिभेवर ठेवावी अशी आहे. आणि त्या गोड ओवीत माझ्या आजोबांना घरी पोचवणारा माणूस हळूच नरकात ढकलला जातोय.

हे कोणी मुद्दाम केलं, की शब्द शोधताना जवळचा मिळाला तो घेतला, जेरोमने ताऱ्याचा घेतला तसा? असेल तसंही. पण १५६० ते १८१२ इथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं आणि १५६७ मध्ये गोव्यातल्या साष्टीत देवळं पाडली हेही त्याच काळातलं, तेव्हा कोणाचा राखणदार कोणाचा सैतान झाला ही नुसती डिक्शनरीतली गंमत नव्हती. मला 'गोव्यात कसे सगळे गुण्यागोविंदाने' असले लेख लिहायचा कंटाळा आहे आणि 'बघा आमच्यावर काय काय झालं' हे लिहायचाही. कारण दुसरी बाजू आहेच. लहानपणी जेवले नाही की आजी म्हणायची खाप्री येईल. खाप्री म्हणजे काळाकुट्ट भूत अशी माझी समजूत. कॉलेजात गेल्यावर कळलं की खाप्री म्हणजे काफ्री, पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली माणसं. इथे राबली, इथेच मेली, आणि आमच्या घरांत पोरांना घास भरवायला भूत म्हणून उरली. त्यांना तर कोणी जाळायला नेताना रेनकोट पण घातला नाही. तर आंटीच्या एका वाक्यावर मी किती रुसायचं?

तरी रुसले होते. पहाटे पहाटे डोळा लागायच्या आधी मी मनात तिच्याशी भांडलेसुद्धा, की तुमच्याकडे चालतं म्हणजे काय, आमचं घर काय नरक आहे? सांव मिगेलला क्रोशाचा रुमाल आणि ज्याला ठेवायला जागा नाही तो आमच्या बाकड्यावर? मग मलाच वाटलं, कदाचित तिला म्हणायचं होतं की तुमच्याशी तो नीट वागेल. तुमची ओळख आहे त्याच्याशी. शिवी आणि विश्वास दोन्ही त्याच चार शब्दांत बसत होते आणि कुठलं खरं ते मी तिला विचारू शकत नव्हते, अशा गोष्टी विचारायच्या नसतात, विचारल्या की शेजार संपतो.

दूरवर खाजनाकडे कुत्री भुंकायला लागली. एक थांबलं की दुसरं, जणू कोणी बांधावरून चालत पुढे पुढे येतंय. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. आपली बुद्धी, आपलं एमए, सगळं पांघरुणाबाहेर.

सकाळी सातला मेस्त आला, मागोमाग आंटी, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी धरून, पावसाची भुरभुर होतीच. मी तिला अडवायला पुढे झाले, म्हणजे तो सगळा थाट आवरायला, पण उशीर झाला. सोप्यावर बाकड्यावर तो बसलेला, पुढे केळीच्या पानावर रोट, रोटाला मुंग्या लागलेल्या, सोललेलं केळं काळं पडलेलं, विझलेली पणती, आणि बाकड्याच्या कडेला विडी. आंटी पायरीवरच थांबली. आईही बाहेर आली होती, दोघी एकमेकींकडे बघताहेत आणि मी मधे, काय बोलावं सुचेना. फेस्ताला चार दिवस राहिलेले, त्यांच्या कपेलातल्या मूर्तीपुढे आम्ही नैवेद्य ठेवलेला. मेस्त उगाच पेपरची घडी घालत बसला.

आई म्हणाली, "राखण्याक उपाशी दवरूं नये."

आंटीने कपाळ, छाती, दोन्ही खांदे, असा भरभर क्रूस केला. मग दोन पायऱ्या चढून वर आली, बाकड्यापाशी वाकली, डोळे बारीक करून बघितलं आणि आवाज एकदम खाली घेऊन आईला विचारलं, "ओडली?"

"अर्दी," आई म्हणाली.

आंटी ते थोटूक बघत राहिली. मेस्तने त्याला उचलून काखेत मारला, पेपरातून शेपूट बाहेर, आणि निघाला. तो फाटकाबाहेर जाईपर्यंत ती काही बोलली नाही. मग माझ्याकडे न बघता, पिशवी परत डोक्यावर घेता घेता म्हणाली, "म्हजो पाय सांगतालो, ताका विडी खूब आवडटाली."